टाकीत दुसरा माणूस का मरतो?

30 जानेवारी 2017. लातूरच्या एमआयडीसीतल्या एका तेल कारखान्यात सांडपाण्याची टाकी साफ करायला कामगार उतरले आणि आतच बेशुद्ध पडले. त्यांना काढायला आणखी कामगार उतरले. दोन्ही मिळून नऊ जणांचा जीव गेला. मे 2023 मध्ये परभणी जिल्ह्यात, सोनपेठ तालुक्यातल्या भाऊचा तांडा इथे सेप्टिक टँक साफ करताना पाच मजूर गेले. तेही एकमेकांच्या नात्यागोत्यातले.

अशा बातम्या शेजारी शेजारी ठेवल्या की एकच क्रम दिसतो. पहिला कामासाठी उतरतो. बाकीचे त्याला वाचवायला उतरतात. छापून मात्र 'गुदमरून मृत्यू' एवढंच येतं आणि वाचणारा विचारात पडतो. बाहेर चार धडधाकट माणसं उभी होती, आठ-दहा फुटांची टाकी, शिडी लावलेली, मग एकाला ओढून काढता कसं आलं नाही? आणि पहिला पडलेला डोळ्यांनी दिसत असताना दुसरा शहाणा माणूस त्याच ठिकाणी उतरला कसा?

उन्हाळा आला की मराठवाड्यात ही कामं एकदम वाढतात. साखर कारखान्यांचं गाळप संपतं आणि टाक्या धुवायला काढतात. विहिरी तळ गाठतात, मग गाळ काढायचा असतो. पावसाळ्याआधी सेप्टिक टँक उपसून घ्यायचे असतात. म्हणून हे आत्ता, काम अंगावर येण्याआधी नीट समजून घेतलं पाहिजे.

## कुठली जागा धोक्याची?

सुरक्षेच्या भाषेत अशा जागेला 'बंदिस्त जागा' म्हणतात. आत जायची-यायची वाट अरुंद, हवा खेळती नाही आणि जी जागा माणसाने रोज बसून काम करावं म्हणून बांधलेलीच नाही, ती बंदिस्त जागा. वरून छप्पर पाहिजेच असं नाही. पंचवीस फूट खोल उघडी विहीरही यात येते, कारण जड वायू तळाशी बसून राहतो आणि वरचं वारं तिथवर पोचत नाही.

आपल्याकडे अशा जागा जिकडेतिकडे आहेत. तेलगिरण्यांच्या आणि डाळमिलच्या सांडपाण्याच्या टाक्या, साखर कारखान्यातल्या मळीच्या टाक्या, डिस्टिलरीचे फर्मेंटर म्हणजे मळी आंबवायच्या टाक्या, वाळूज-चिकलठाण्यातल्या कारखान्यांचे ईटीपी म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचे प्लांट, जालन्यातल्या स्टील कारखान्यांचे पाण्याचे हौद, गोबरगॅसचा खड्डा, घराखालचा सेप्टिक टँक, नगरपालिकेचं मॅनहोल. यातल्या कारखान्यांच्या जागा निदान कुणाच्या तरी कागदावर असतात. गोबरगॅस, विहीर आणि सेप्टिक टँक कुणाच्याच नोंदीत नसतात आणि तिथे उतरणारा मजूर सकाळी नाक्यावरून आणलेला असतो.

## आत नेमकं असतं काय?

आपण जी हवा घेतो तिच्यात सुमारे 20.9 टक्के ऑक्सिजन असतो. हे प्रमाण 19.5 च्या खाली गेलं की ती हवा धोक्याची धरतात. 16 टक्क्यांच्या आसपास नाडी वेगाने चालते, हातापायांचा ताळमेळ सुटतो आणि डोकं नीट चालत नाही. आपण चुकतोय हेही माणसाला कळत नाही. 10 टक्क्यांच्या खाली शुद्ध हरपते. 6 च्या खाली असेल तर दोन-चार श्वासांत माणूस कोसळतो.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट इथे आहे. 'जीव घुसमटायला लागला की बाहेर येऊ' असं प्रत्येक जण म्हणतो. पण घुसमट वाटते ती मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. ऑक्सिजन कमी झाला तर शरीर तितक्या जोरात इशारा देत नाही. ऑक्सिजन नसलेल्या हवेतही माणूस श्वास आत घेतो, बाहेर सोडतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत राहतो, त्यामुळे सगळं ठीक वाटतं. मग डोळ्यांपुढे अंधारी येते आणि खेळ संपतो. ओरडायलाही वेळ मिळत नाही. म्हणून वरच्यांना आवाज येत नाही, धडपड दिसत नाही. दिसतो तो शांतपणे खाली बसलेला माणूस. वरच्यांना वाटतं, चक्कर आली असेल.

ऑक्सिजन जातो कुठे? गाळातले जिवाणू तो खातात. भरलेलं धान्य किंवा कुजणारा पाला खातो. लोखंडी टाकी महिनोन्‌महिने बंद असेल तर गंज चढताना तो वापरला जातो. म्हणून पूर्ण रिकामी, कोरडी, स्वच्छ दिसणारी लोखंडी टाकीसुद्धा जीव घेऊ शकते.

दुसरी बाजू विषारी वायूंची. कामाचे चार लक्षात ठेवावेत.

हायड्रोजन सल्फाइड हा त्यातला सगळ्यात क्रूर. अन्न, तेल, मैला, शेण असं काहीही पाण्यात हवेवाचून कुजलं की तो तयार होतो. हवेपेक्षा थोडा जड असल्याने तळाशी साठतो. पेशींना ऑक्सिजन वापरताच येणार नाही अशी गाठ तो शरीरात मारतो. छातीत हवा भरलेली असते, पण तिचा उपयोग होत नाही.

मिथेन म्हणजे गोबरगॅसमधला जळणारा वायू. तो हलका असतो, हवेत 5 ते 15 टक्के मिसळला की ठिणगीने भडका उडतो. कार्बन डायऑक्साइड मळी आंबताना आणि फर्मेंटरमध्ये मुबलक तयार होतो. हवेच्या दीडपट जड असल्याने तो पाण्यासारखा खोलगट जागेत भरून राहतो. चौथा कार्बन मोनॉक्साइड. त्याला ना रंग ना वास, तो इंजिनाच्या धुरातून येतो.

या चौथ्याचा आपल्या विहिरींशी थेट संबंध आहे. वरून पाणी खेचणारा पंप प्रत्यक्षात सात-आठ मीटरपेक्षा खोलवरचं पाणी उचलू शकत नाही. पाणी त्याहून खाली गेलं की शेतकरी इंजिनच विहिरीत उतरवतो, कपारीवर किंवा फळ्यांवर ठेवतो आणि सुरू करतो. लाईट नाही, सबमर्सिबल जळालेला, गाळ काढायचा आहे, मग दुसरा उपाय सुचत नाही. धूर विहिरीतच कोंडतो. इंजिन बंद पडलं म्हणून बघायला एक जण उतरतो, त्याच्यामागे त्याचा भाऊ. इंजिन बंद पडलं यातच इशारा असू शकतो, कारण चालायला त्यालाही ऑक्सिजन लागतो.

## वास येतोय तोवर कळेल की

या समजुतीने जितके जीव घेतले असतील तितके दुसऱ्या कशानेही घेतले नसतील असं मला वाटतं.

हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो आणि हवेच्या दहा लाख भागांत एक भागापेक्षा कमी असतानाही तो नाकाला कळतो. या मापाला पीपीएम म्हणतात. आपल्या जुन्या कारखाने कायद्याच्या परिशिष्टात आठ तासांच्या कामासाठी मर्यादा 10 पीपीएम दिलेली होती. 100 पीपीएमच्या आसपास पोचलं की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास अचानक नाहीसा होतो. आत उतरलेल्या माणसाला वाटतं, घाण निघाली, हवा सुधारली. खरं तर वायू तेव्हा वाढलेला असतो. 700 ते 1000 पीपीएमला एक-दोन श्वासांत माणूस पडतो.

म्हणजे वास येणं ही धोक्याची खूण आहेच, पण वास न येणं ही सुरक्षिततेची खूण नाही. शिवाय कार्बन मोनॉक्साइडला वास नसतोच. ऑक्सिजनच्या कमतरतेलाही नसतो.

## झाकण उघडून ठेवलं होतं, सकाळी तर काही नव्हतं

बऱ्याच ठिकाणी टाकी आदल्या दिवशी उघडून ठेवतात. चांगली सवय आहे, पण पुरेशी नाही. दोन फुटांच्या तोंडातून तळाची जड हवा आपोआप वर येत नाही.

त्याहून मोठी भानगड गाळाची आहे. गोटी सोड्याची बाटली नुसती ठेवली तर आत काही असल्याचं दिसतही नाही, हलवून गोटी दाबली की फसफसून बाहेर येतं. गाळ तसाच आहे. वायू त्यात मुरलेला असतो. वरून तपासलं तर यंत्र कमी आकडा दाखवतं. माणूस उतरतो, गाळात पाय रुततो, फावडं मारतो, आणि कोंडलेला वायू एकदम मोकळा होतो. तो बाहेर पडतो नेमका त्याच्या गुडघ्यांपाशी, आणि घमेलं भरायला तर वाकावंच लागतं.

म्हणून एकदा तपासून भागत नाही. उतरण्याआधी वर, मध्ये आणि तळाशी अशा तीन पातळ्यांवर तपासायचं, गाळ बाहेरून बांबूने ढवळून पुन्हा तपासायचं, आणि उतरणाऱ्याच्या छातीला यंत्र लावून ते काम संपेपर्यंत चालू ठेवायचं. हे यंत्र म्हणजे चार वायूंचा गॅस डिटेक्टर. मुठीत मावतं. ऑक्सिजन, जळणारा वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड असे चार आकडे एका पडद्यावर दाखवतं, मर्यादा ओलांडली की कर्कश वाजतं, थरथरतं. ते वाजलं की हातातलं घमेलं जिथल्या तिथे सोडून वर यायचं. 'एवढं भरून येतो' म्हणायची सोय नाही.

एक उणीव सांगितली पाहिजे. कार्बन डायऑक्साइड या चारांत नसतो. मळी आणि फर्मेंटरच्या कामात त्याचा वेगळा सेन्सर मागून घ्यावा लागतो.

## कंदील, रुमाल आणि क्वार्टर

आपल्या जुन्या लोकांना हा धोका माहीत होता. ज्वारीचं पेव, म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा, उघडलं की ते लगेच उतरत नसत. काही वेळ उघडं ठेवत आणि कंदील सोडून बघत. कंदील विझला तर कुणी खाली जात नसे. ही शहाणी रीत होती, आणि धान्याच्या पेवात ती बरीचशी लागूही पडते, कारण तिथे ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त हीच मुख्य अडचण. पण ज्योत विझते ती ऑक्सिजन बराच खाली गेल्यावर, आणि तिच्या आधीच माणसाचं भान सुटू लागलेलं असू शकतं. जीव घेण्याइतका हायड्रोजन सल्फाइड असला तरी कंदील छान जळत राहतो. आणि गोबरगॅसच्या किंवा सेप्टिक टँकच्या तोंडाशी ज्योत नेणं म्हणजे मिथेनला काडी लावणं. पेवाची रीत टाकीला लावू नका.

तोंडाला ओला रुमाल बांधून काहीही थांबत नाही. करोनात घेतलेला एन-95 मास्क धूळ अडवतो, वायू नाही. डबीवाला केमिकल मास्कसुद्धा फक्त काही वायू गाळतो, तो नसलेला ऑक्सिजन कुठून आणणार? अशा जागेत चालतो तो पाठीवर हवेचा सिलिंडर असलेला संच, जो अग्निशमन दलाचे जवान वापरतात, किंवा बाहेरून नळीने हवा पुरवणारा मास्क. तोही वापरायला शिकावं लागतं.

वेल्डिंगचा ऑक्सिजन सिलिंडर टाकीत सोडण्याची युक्तीही काही जण करतात. ऑक्सिजन वाढला की कपडे, केस, तेलाचा ओशटपणा ठिणगीसरशी पेटतो. हे कधीही करू नये.

आणि क्वार्टर. मैल्यात उतरणारे बरेच जण आधी थोडी घेऊन उतरतात, कारण शुद्धीत ते काम करवत नाही. मला यात त्यांची चूक काढायची नाही. ज्याने त्यांना घागरभर पाणी आणि बांबूची शिडी देऊन आत पाठवलं त्याने ती बाटलीही जवळजवळ हातात दिलेली असते. पण आधीच कमी ऑक्सिजनमध्ये दारू भान आणखी लवकर घालवते आणि वर येण्याची ताकद काढून घेते. प्यालेल्या माणसाला उतरू द्यायचं नाही, एवढं वरच्या माणसाने तरी ठरवलं पाहिजे.

## मग काय, भाऊ मरताना बघत बसायचं?

हा खरा प्रश्न आहे आणि तो टाळून चालणार नाही. अमेरिकेतल्या 'नायॉश' या कामगार-आरोग्याच्या सरकारी संस्थेने 1986 मध्ये लिहून ठेवलं, की बंदिस्त जागांमधल्या मृतांत 60 टक्क्यांहून जास्त लोक वाचवायला गेलेले होते. तिथे आणि सोनपेठमध्ये माणसाचं मन सारखंच आहे. खाली पोटचा पोर किंवा सख्खा भाऊ पडलाय, वर थांबणं जवळपास अशक्य असतं. त्या क्षणी 'उतरू नको' असा उपदेश कामाला येत नाही.

म्हणून सोडवणूक आधी करून ठेवावी लागते. पहिला माणूस उतरण्याआधी त्याला वर ओढण्याची तजवीज झालेली असेल, तर दुसऱ्याला उतरायची गरजच पडत नाही. ती तजवीज अशी: उतरणाऱ्याच्या अंगात खांद्या-मांड्यांवरून जाणारा पूर्ण हार्नेस, त्याच्या पाठीवरच्या कडीला दोर, आणि टाकीच्या तोंडावर तिपाई, म्हणजे तीन पायांचा उंच स्टँड. तिपाईला हाताने फिरवायचा विंच, म्हणजे दोर गुंडाळणारा रहाट असतो, ऐंशी किलोचा माणूस एकटा कामगार त्याने वर घेऊ शकतो. नुसता कमरेला दोर बांधला तर बेशुद्ध माणूस मध्ये दुमडतो आणि मॅनहोलच्या तोंडात अडकतो. पाठीवरून उचलला तर सरळ येतो.

आणि वर एक माणूस, ज्याला दुसरं कुठलंही काम नाही. त्याने मोबाईल बघायचा नाही, चहा आणायला जायचं नाही, घमेली ओतायची नाहीत. दोर हातात धरून आतल्याशी बोलत राहायचं. उत्तर आलं नाही की विचार न करता ओढायचं.

हार्नेस नसेल आणि माणूस पडलाच, तर? मेंदूला ऑक्सिजन मिळाला नाही तर चार-सहा मिनिटांत इजा होऊ लागते, आणि तालुक्याहून अग्निशमनची गाडी तेवढ्यात पोचणं अवघड असतं. हे कटू आहे, पण खरं आहे. तरीही करण्यासारखं पुष्कळ असतं. कुणीतरी ताबडतोब 101 आणि 108 ला फोन लावायचा आणि 'टाकीत गॅस आहे, हवेचे सिलिंडर घेऊन या' हे शब्द सांगायचे, नाहीतर गाडी त्याशिवाय येते. ब्लोअर, म्हणजे पाइपातून हवा ढकलणारा पंखा, मिळाला तर त्याचा पाईप थेट तळापर्यंत सोडून बाहेरची हवा जोरात भरायची. ब्लोअर पेट्रोलवर चालत असेल तर त्याचा धूर पुन्हा आत ओढला जाणार नाही इतका लांब ठेवायचा. विहिरीतली बादली काढायचा गळ असेल तर बाहेरूनच कपड्यात अडकवून बघायचा. पण तोंडातून डोकं आत घालून वाकायचं नाही, वर येणारा वायू तिथेच लागतो. आणि दोन दणकट माणसांनी नातेवाइकांना धरून ठेवायचं. हे वाईट दिसेल, शिव्याही पडतील, तरी धरून ठेवायचं.

माणूस बाहेर आला की मोकळ्या हवेत आडवा करून, श्वास नसेल तर छाती दाबायला लगेच सुरुवात करायची. 108 वाले येईपर्यंत थांबायचं नाही.

## वीस वर्षं उतरतोय, काही झालं नाही

ठेकेदार हे छातीठोकपणे सांगतात आणि ते खोटं बोलत नाहीत. दर वेळी गाळ तेवढाच कुजलेला नसतो. थंडीत कमी, एप्रिलच्या उन्हात जास्त. सहा महिन्यांनी उपसलेल्या टाकीत कमी, चार वर्षं न उघडलेल्या टाकीत जास्त. नशिबाने सोप्या टाक्या वाट्याला आल्या, एवढंच त्या वीस वर्षांवरून सिद्ध होतं. जिथे वायू होता तिथे उतरलेला ठेकेदार अनुभव सांगायला उरत नाही.

## कायद्यात काय आहे?

आपल्या कारखाने कायद्यात 1948 पासून कलम 36 होतं. टाकीत, खड्ड्यात, पाईपमध्ये धोकादायक वायू असण्याची शक्यता असेल तर तो काढण्याचे सगळे उपाय केल्याशिवाय कुणालाही उतरवता येत नव्हतं. जाणकार माणसाने स्वतः तपासणी करून जागा सुरक्षित असल्याचं लेखी प्रमाणपत्र दिलेलं पाहिजे, किंवा उतरणाऱ्याला श्वसनयंत्र आणि पट्टा दिलेला पाहिजे आणि पट्ट्याच्या दोराचं दुसरं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात पाहिजे, असं ते सांगायचं. म्हणजे वर जे सांगितलं ते सगळं नवं खूळ नाही, पाऊणशे वर्षं कायद्याच्या पुस्तकात होतं. कलम 36-ए मध्ये तर आतला हातदिवा 24 व्होल्टपेक्षा जास्त नसावा हेही होतं. आपल्याकडे घरच्या बल्बला वायर जोडून टाकीत सोडतात.

21 नोव्हेंबर 2025 पासून कारखाने कायद्यासह 13 कायद्यांच्या जागी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची स्थिती संहिता, 2020 लागू झाली. कामाच्या जागी जीवाला धोका नसावा ही जबाबदारी तिने मालकावरच ठेवली आहे. कर्तव्य न पाळल्यामुळे मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. दंडातली निम्म्याहून कमी नाही इतकी रक्कम वारसांना द्या, असं न्यायालय सांगू शकतं. कामगाराला जीवावरचा धोका दिसला तर तो मालकाला आणि त्याच वेळी सरकारी निरीक्षकालाही कळवू शकतो, हा हक्क संहितेत लिहिलेला आहे. महाराष्ट्रात कारखान्यांसाठी हे काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय बघतं.

"आमचं युनिट छोटं, आम्हाला हे लागू नाही" असं बरेच मालक म्हणतात. कारखाना धरण्यासाठी संहितेत वीज वापरत असाल तर 20 आणि नसाल तर 40 कामगारांची अट आहे, त्यामुळे आपल्याकडच्या कित्येक छोट्या मिल या व्याख्येबाहेर राहतात. हे मला मान्य नाही. टाकीला आपल्या मालकाकडे किती कामगार आहेत हे माहीत नसतं. पण या अटीबाहेरचा मालकही मोकळा सुटत नाही. कामावर असताना मृत्यू आला तर भरपाईचा दावा लागतो आणि हयगयीने मृत्यू घडवल्याचा पोलीस गुन्हाही.

गटार आणि सेप्टिक टँकसाठी तर कामगारसंख्येचा प्रश्नच नाही. हाताने मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने सुरक्षासाधनं न देता माणसाला त्यात उतरवणं कुठल्याही व्यक्तीला, पंचायतीला किंवा एजन्सीला मनाई आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. यात घरमालक आला, शेतमालक आला, सोसायटीचा चेअरमनही आला. आणि मुळात सक्शन मशीनची गाडी नगरपालिकेकडे किंवा खासगीत मिळत असताना माणूस उतरवायचाच कशाला? तक्रारीसाठी सरकारने 14420 हा क्रमांक जाहीर केलेला आहे.

## एवढा खर्च कुणाला परवडतो?

चार वायूंचा डिटेक्टर नव्या मोटारसायकलपेक्षा कमी किमतीत येतो. तिपाई, हार्नेस, ब्लोअर एकदा घेतले की वर्षानुवर्षं चालतात, डिटेक्टर तेवढा ठरल्या मुदतीत तपासून घ्यावा लागतो. एका छोट्या मिलला एकटीने जड जात असेल, तर एमआयडीसीतल्या आठ-दहा मिलनी मिळून एक संच घ्यावा. वर्षातून दोनदा टाकी धुणाऱ्याला तो रोज लागत नाही. ट्रॅक्टर भाड्याने देणारी गावं हे भाड्याने का देणार नाहीत? ग्रामपंचायतीच्या दारात एक ब्लोअर आणि तिपाई असणं ही फार मोठी मागणी नाही.

आता दुसरी बाजू. 1923 च्या कामगार भरपाई कायद्यातलं सूत्र नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आलं आहे: मृत्यू झाला तर महिन्याच्या पगाराची निम्मी रक्कम गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा. पगार जास्तीत जास्त 15,000 धरतात. पंचविशीतल्या पोराचा आकडा 216.91 आहे, म्हणजे 7,500 गुणिले 216.91, सोळा लाख रुपयांच्या वर. सेप्टिक टँक किंवा गटारात मृत्यू झाला तर सर्वोच्च न्यायालयाने 20 ऑक्टोबर 2023 च्या निकालात भरपाई 10 लाखांवरून 30 लाख केली. कायमचं अपंगत्व आलं तर किमान 20 लाख.

## पोटापुढे नाही म्हणणार कसं?

कायद्यात हक्क आहे, पण नाक्यावर उभा राहिलेला मजूर नाही म्हणाला तर ठेकेदार दुसऱ्याला गाडीत बसवतो. हे मला माहीत आहे आणि म्हणून या लेखातली जास्तीत जास्त मागणी मालकाकडे आणि सुपरवायझरकडे आहे, मजुराकडे नाही. टाकीच्या झाकणाला कुलूप लावा आणि किल्ली एकाच माणसाकडे ठेवा. डिटेक्टरचे आकडे कागदावर लिहून सही केल्याशिवाय त्याने कुलूप काढू नये. टाकीत येणाऱ्या प्रत्येक पाईपचा व्हॉल्व्ह बंद करून त्यालाही कुलूप घाला, आतलं ढवळणारं यंत्र असेल तर त्याचा मेन स्विच पाडा. मोठ्या कंपन्या यालाच 'परमिट' म्हणतात. छोट्या मिलला वहीचं एक पान पुरतं.

मजुराने मात्र दोन गोष्टी स्वतः कराव्यात. बायकोला किंवा भावाला कुठल्या ठिकाणी, कुणाच्या कामावर जातोय हे फोनवर पाठवून ठेवावं. आणि ज्यांच्याबरोबर रोज काम करतो त्या चौघांनी आपसात आधीच ठरवावं, की एक पडला तर बाकीचे उतरणार नाहीत, दोर ओढतील.

आणि ज्या घरावर हे ओढवलंय, त्यांच्यासाठी. ठेकेदार रात्री पैसे घेऊन येतो आणि कोऱ्या कागदावर सही मागतो. सही करू नका. शवविच्छेदन झाल्याशिवाय अंत्यविधी करू नका, कारण पुढच्या सगळ्या दाव्यांना तो अहवाल लागतो. एफआयआरची प्रत घ्या, ती फुकट मिळते. त्यात ठेकेदाराबरोबर ज्याची टाकी आहे त्या मालकाचंही नाव आहे का ते बघा. मालकाच्या धंद्याचंच काम ठेकेदारामार्फत करून घेतलेलं असलं तरी भरपाईची जबाबदारी मूळ मालकावरही येते, तो नंतर ठेकेदाराकडून वसूल करू शकतो. ईएसआय म्हणजे कामगार राज्य विम्याचं कार्ड असेल तर वारसांना रोजाच्या 90 टक्के दराने दर महिन्याला लाभ मिळतो, पण त्यासाठी अपघाताची नोंद ईएसआय कार्यालयात झालेली लागते. हजेरीपट नसेल तर पगार फोनवर आल्याचा मेसेज, ठेकेदाराचे कॉल, बरोबरच्यांचे जबाब जपून ठेवा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात, म्हणजे जिल्हा न्यायालयाच्या आवारातच, महिलांना आणि कामगारांना वकील मोफत मिळतो.